रोग रेड्याला, औषध पखालीला
(ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेतलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार. सचिवांनी माझी ओळख 'संगणकतज्ज्ञ' अशी करून दिली, ती आधी दुरुस्त करते. मी अकरा वर्षं जाहिरातीचे मेल पाठवायचं काम केलं. 'फक्त आज रात्री बारापर्यंत' असं लिहिलेला मेल आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 'तुमच्यासाठी मुदत वाढवली' असाही आला, तर तो लिहिणारी कदाचित मीच असेन. तेव्हा कुलूप कसं लावायचं हे सांगायला तुम्ही चोराला बोलावलंय, एवढं ध्यानात ठेवून ऐका.

सुरुवात आमच्या नानांपासून करते. नाना म्हणजे माझे सासरे. सोसायटीच्या वार्षिक सभेत हिशेबावर हरकत घेणं हा त्यांचा वर्षाचा सण. मागे एकदा सभा होऊन गेली आणि नानांना पत्ताच नाही. इमारतीला बाहेरून रंग द्यायचा ठराव बिनविरोध मंजूर! नाना तावातावानं सेक्रेटरींकडे गेले. त्यांनी शांतपणे मोबाइल पुढे केला. "नाना, नोटीस पाठवली होती, परत आली. तुमचा मेलबॉक्स भरलाय."

नाना घरी येऊन माझ्यावरच उखडले. "तुझ्या त्या सेलवाल्यांनी भरलाय!" मी त्यांचा फोन घेऊन बसले. गूगल आपल्याला फुकट देतं ती जागा १५ जीबी, आणि ती एकट्या जीमेलची नसते. गूगल ड्राइव्ह, गूगल फोटोज, सगळ्यांची मिळून सामाईक. जाहिरातीच्या मेलमधली चित्रं सहसा मेलमध्ये नसतातच, ती पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर असतात आणि मेल उघडला की तिथून येतात. त्यामुळे असे मेल हजारोंनी साठले तरी तेवढ्यानं १५ जीबी भरणं कठीण. नानांची जागा खाल्ली होती व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअपनं, म्हणजे फोनमधल्या गप्पा-व्हिडिओंच्या गूगलवर ठेवलेल्या प्रतीनं. अँड्रॉइड फोनवर २०२४ पासून हा बॅकअप याच १५ जीबीत धरायला लागले. आणि नानांच्या बॅकअपमध्ये काय होतं? सुप्रभात. गुलाबावर दवबिंदू, मागे बासरी, खाली सुविचार. चार वर्षांचे व्हिडिओ, एकही न पुसलेला. हसू नका, ते तुमच्यातल्याच कुणीतरी पाठवलेत.

मग जाहिराती सुटल्या का? नाही सुटल्या. जागा संपत आल्याचे मेल गूगलनं नानांना पाठवले होते, चांगले चार-पाच वेळा. ते कुठे सापडले माहितेय? 'चष्म्याची दुसरी काच मोफत' आणि 'तीन रात्री केरळ' यांच्या मधे. नानांनी तेही जाहिरात समजून सोडून दिले होते. माझ्या मते या मेलचा खरा जाच हा आहे. प्राप्तिकर खात्याची सूचना, म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट, रक्ततपासणीचा रिपोर्ट, हे सगळं आता मेलवर येतं, आणि जत्रेतल्या गर्दीत लहान मूल हरवावं तसं ते त्या सेलच्या गर्दीत हरवतं.

नाना काही आळशी नव्हते हो. रोज सकाळी चहाबरोबर वीस-पंचवीस मेल निष्ठेनं डिलीट करायचे. दुसऱ्या दिवशी तितकेच परत हजर. आपल्याकडे म्हण आहे, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मेल न उघडता डिलीट केला तर पाठवणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही. आमच्या पडद्यावर रकाने असायचे: पोचले किती, उघडले किती, लिंक दाबली किती, अनसबस्क्राइब, म्हणजे 'मेल बंद करा', किती, स्पॅमची, म्हणजे नकोशा मेलची, तक्रार किती. 'कंटाळून डिलीट केले' असा रकानाच नव्हता.

उघडलेलं कसं कळतं, असं मघाशी एका आजींनी विचारलं. मेलच्या तळाशी आम्ही एक चित्र ठेवायचो, एक पिक्सेल रुंद, एक पिक्सेल उंच. डोळ्यांना दिसणारच नाही. प्रत्येकाच्या मेलमधल्या चित्राचा पत्ता वेगळा. तुम्ही मेल उघडला, ते चित्र आमच्या सर्व्हरवरून मागवलं गेलं, की तुमच्या नावापुढे खूण झाली: हे गृहस्थ बघतात, यांना अजून पाठवा. म्हणजे 'बघू तरी काय म्हणतायत' म्हणून उघडलेला मेल पुढच्या दहा मेलांना आमंत्रण देतो. अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपनं २०२१ मध्ये यावर तोड काढली, चित्रं आधीच परस्पर मागवून ठेवायची, म्हणजे खरं कुणी उघडलं ते पाठवणाऱ्याला उमगत नाही. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये चित्रं दाखवण्याआधी विचारा, असा पर्याय आहे. तो निवडून ठेवा.

हा धंदा नवा नाही बरं का. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थर्क नावाच्या माणसानं अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या संगणकांच्या जाळ्यावरच्या, सुमारे चारशे जणांना आपल्या नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण धाडलं. पत्ते छापील यादीतून हातानं टाइप केलेले. ते इतके झाले की पत्त्यांच्या जागेत मावेनात, उरलेले मजकुरातच सांडले. लोक भडकले, तंबी मिळाली. तरी आमच्या धंद्यातले लोक अजून त्याचं नाव आदरानं घेतात, यावरून आम्ही कसे ते समजा.

आता औषधाकडे वळते. मेलच्या तळाशी, फिकट करड्या अक्षरांत, जणू लाजून उभा असल्यासारखा एक शब्द असतो, अनसबस्क्राइब. तो फिकट का, तर आम्हीच फिकट करायचो. पण आता तळापर्यंत जायचीही गरज नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूनं नियम केला. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यानं आपल्या जाहिरातींच्या मेलात एका टिचकीत बंद करायची सोय दिलीच पाहिजे आणि दोन दिवसांत ते अमलात आणलं पाहिजे. म्हणून हल्ली पाठवणाऱ्याच्या नावाजवळच 'अनसबस्क्राइब' दिसतं. त्याच नियमात आणखी एक कलम आहे, ज्याला आम्ही यमासारखं भ्यायचो. स्पॅमची तक्रार हजारी तीनच्या आत राहिली पाहिजे. हजारातल्या तिघांनी स्पॅमचं बटण दाबलं की त्या कंपनीचे सगळेच मेल स्पॅममध्ये जायची वेळ येऊ शकते. तुमच्या अंगठ्यात केवढं बळ आहे बघा! माझं म्हणणं, आधी सभ्यपणे अनसबस्क्राइब करा. आठवड्यानंतरही येत राहिला, तर बेधडक स्पॅम दाबा, दयामाया नको.

बंद करताना एखादं पान उघडतं आणि बटणावर लिहिलेलं असतं, 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत.' तसलं एक वाक्य मीही लिहिलंय, लाज वाटते सांगायला. माणसाला खजील करून थांबवायचं, याला इंग्रजीत कन्फर्म शेमिंग म्हणतात. भारत सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकांना फसवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची यादी दिली, तीत हीसुद्धा आहे. तेव्हा खजील न होता बटण दाबा.

अनेकांना वाटतं १९०९ ला डीएनडी, म्हणजे 'त्रास देऊ नका' अशी नोंद, केलं की झालं. ते फोन आणि एसएमएससाठी, मेलला त्याचा उपयोग नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मात्र असं कलम आहे की संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणंही सोपं असायला हवं.

एक गोष्ट मात्र घोटून लक्षात ठेवा. अनसबस्क्राइब फक्त ओळखीच्यांसाठी. ज्या दुकानातून कधीतरी काही घेतलंय, ज्या बँकेत खातं आहे, त्यांच्यासाठी. 'तुमची वीज आज रात्री तोडली जाईल', 'तुमचं पार्सल अडकलंय' असल्या भामट्यांच्या मेलमधलं अनसबस्क्राइब दाबलं तर त्यांना एवढंच कळतं की या पत्त्यावर माणूस आहे आणि तो टिचक्या मारतो. तिथे कशालाही हात न लावता स्पॅम. पाठवणाऱ्याच्या नावावर जाऊ नका, नाव कुणीही काहीही लावतो. अ‍ॅटच्या चिन्हानंतर काय लिहिलंय ते वाचा.

नानांच्या बाबतीत आम्ही काय केलं ते सांगते. वर शोधायच्या पट्टीत 'अनसबस्क्राइब' हा एकच शब्द इंग्रजीत टाकला. सगळी जत्रा एका रांगेत उभी राहिली. जीमेलच्या मेनूत 'मॅनेज सबस्क्रिप्शन्स' दिसत असेल तर काम आणखी सोपं, तिथे कोण किती मेल पाठवतं ते पाठवणाऱ्यांच्या नावानिशी दिसतं. एकेकाला घेतला. आधी बंद केला, मग त्याच्या नावानं शोधून जुने सगळे पुसले. हे संगणकावर करा. वरचा चौकोन टिपला की समोरच्या पानावरचेच, बहुतेक पन्नास, निवडले जातात. त्यानंतर वर एक ओळ येते, 'या शोधातले सगळे निवडा' अशा अर्थाची. ती न दाबल्यामुळे लोक पन्नास-पन्नास करत रविवार घालवतात. पुसलेलं ट्रॅशमध्ये तीस दिवस राहतं, आणि ट्रॅश रिकामी होईपर्यंत जागा मोकळी होत नाही. चुकून कामाचं पुसलं गेलं, तर तीस दिवस तुमच्या हातात आहेत.

नाना दोन संध्याकाळी बसले. पहिल्या दिवशी चिडचिड, दुसऱ्या दिवशी चेव. "हा कोण? मी याच्याकडून बूट घेतलेच नाहीत!" घेतले होते. २०१९ मध्ये, नातवासाठी, आणि बिलासाठी मेल दिला होता. दुकानात बिल करताना मेल किंवा नंबर मागतात तेव्हा 'कागदी बिल द्या' म्हणायचं धाडस करा. अगदी द्यायचाच झाला तर जीमेलमध्ये एक युक्ती आहे. पत्त्यातल्या आपल्या नावानंतर, अ‍ॅटच्या चिन्हाआधी, अधिकचं चिन्ह आणि दुकानाचं नाव जोडून पत्ता द्या, मेल तुमच्याकडेच येतो. उद्या त्या पत्त्यावर तिसऱ्याच कुणाचा मेल आला, तर पत्ता कुणी वाटला हे आयतंच कळतं. काही वेबसाइट ते चिन्ह घेत नाहीत, तिथे नाइलाज.

एका मेलपाशी मात्र नाना अडले. देवगडच्या एका बागायतदाराचा, मार्चमध्ये येणारा, मोहोर कसा आहे, पेटी कधी निघेल ते सांगणारा. नानांनी गेल्या सहा वर्षांत त्याच्याकडून एकही पेटी मागवलेली नाही, आंबा ते मार्केटमधूनच आणतात, घासाघीस करून. मी बंद करायला गेले तर हात धरला. "हा राहू दे. मोहोराचं छान लिहितो."

चहा आलाय असं दिसतंय. ज्यांना लगेच करायचंय त्यांनी फोन घेऊन माझ्यापाशी या, चष्मा न विसरता. पासवर्ड मोठ्यानं सांगू नका, मलाही नको.