शिक्षा झालेला दलाल पुन्हा प्लॉट विकतो तेव्हा

हुडकेश्वर, बेसा, वाठोडा. नागपूरच्या या टोकांना डांबरी रस्ता संपतो तिथून फलक सुरू होतात. 'आरएल प्लॉट. एनए-टीपी. तात्काळ रजिस्ट्री. लोन उपलब्ध.' आरएल म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं रिलीज लेटर, एनए-टीपी म्हणजे बिगरशेती आणि नगररचनेची मंजुरी. खाली मोबाइल नंबर. फोन उचलणारा माणूस कोण, त्याचा मागचा इतिहास काय, हे कुणी विचारत नाही.

तो दुचाकीवरून येतो, चुन्याची रेघ दाखवतो, सातबाऱ्याची झेरॉक्स हातात ठेवतो. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर बयाण्याचा कागद होतो आणि निवृत्तीची जमा पुंजी त्याच दिवशी दुसऱ्याच्या हाती जाते. तोच प्लॉट आधी कुणाला तरी विकलेला होता, हे कळतं ते कुंपण घालायला गेल्यावर. मग पोलीस ठाणं, वकील, तारखा. समजा, दलालाला शिक्षाही झाली. सुटून आल्यावर तो पुन्हा याच धंद्यात येऊ शकतो का?

येऊ शकतो. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या कलम ९ नुसार नोंदणीकृत प्रकल्पातली घरं किंवा प्लॉट विकणाऱ्या एजंटला नोंदणी सक्तीची आहे. ती न करता धंदा केला तर दिवसाला १० हजार रुपये दंड, मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. हा कायदा राज्यात राबवणाऱ्या महारेरा प्राधिकरणाने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली, हे फार चांगलं झालं. पण फसवणुकीत दोषी ठरलेल्याला नोंदणी देऊ नका, असं कलम ९ मध्ये कुठेही लिहिलेलं नाही. जुन्या फ्लॅटच्या फेरविक्रीतला किंवा भाड्याच्या घरांचा दलाल तर या नोंदणीतच येत नाही.

दोन वर्षांची शिक्षा झालेल्याला आपल्याकडे सुटकेनंतरही सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. मग लोकांच्या आयुष्यभराच्या कमाईचे व्यवहार करणाऱ्याला मोकळं रान का?

ब्रिटनमध्ये १९७९ पासून यासाठी कायदा आहे. फसवणूक, अप्रामाणिकपणा किंवा हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, तर त्या व्यक्तीला इस्टेट एजंटचं काम करायला बंदी घालता येते. बंदी आपोआप लागत नाही. आधी तिचं म्हणणं ऐकून घेतात, अपिलाची वाटही असते. बंदी घातलेल्यांची यादी कुणालाही पाहता येते.

आम्हाला हीच पद्धत रास्त वाटते. तरुणपणी मारामारीत अडकलेल्याची रोजीरोटी जन्मभर बंद करणं अन्याय होईल. नुसता गुन्हा दाखल आहे म्हणून कुणाला अडवू नये; जमिनीच्या वादात खोट्या तक्रारीही होतात. पण लोकांना जमिनीत फसवलं, हे न्यायालयात सिद्ध झालेल्या माणसाच्या हाती पुन्हा बयाणा पडता कामा नये.

यासाठी संसदेची वाट पाहायची गरज नाही. नोंदणीच्या अटी ठरवण्याचा अधिकार कलम ८४ ने राज्य सरकारला दिलेला आहे. मुंबईतून एक अधिसूचना निघाली, तर निदान नोंदणीकृत प्रकल्पांची दारं अशा लोकांना बंद होतील. फेरविक्री आणि भाड्याच्या दलालांसाठी मात्र कायदाच बदलावा लागेल, आणि ती मागणी नागपूरच्या आमदारांनी विधानभवनात, इथल्याच हिवाळी अधिवेशनात मांडावी.