देवळालीचा ताप

मुंबईहून नाशिकला जाताना नाशिकरोडच्या अलीकडचं हे स्टेशन, देवळाली. हवा चांगली म्हणून मुंबईकरांनी इथे बंगले बांधले, सॅनिटोरियमं उभारली. इंग्लंडमध्ये मात्र याच गावाच्या नावाचा अर्थ आहे डोकं फिरणं.

'ही हॅज गॉन डूलाली.' म्हणजे स्वारी जरा सटकली आहे! 'ळ' काही साहेबाच्या जिभेवर बसला नाही, आणि 'देव'चाही त्याने 'डू' करून टाकला.

१८६०च्या दशकात ब्रिटिशांनी इथे लष्कराची छावणी वसवली. विलायतेहून येणारे सोल्जर मुंबई बंदरात उतरले की आधी देवळालीला यायचे, मग पुढे आपापल्या पलटणीत. परतीची वाटही इथूनच जायची, आणि खरी गोम तिथेच होती. सैनिकांना मायदेशी नेणारी जहाजं साधारण हिवाळ्यातच सुटत. मुदत भरलेल्या सोल्जरचं जहाज हुकलं, की उन्हाळा आणि पावसाळा त्याने छावणीतच काढायचा. नोकरी संपलेली, घर समुद्रापलीकडे, आणि दिवसभर करायला काहीच नाही.

फ्रँक रिचर्ड्स हा रॉयल वेल्श फ्युझिलियर्सचा साधा शिपाई. हिंदुस्थानातल्या नोकरीच्या त्याच्या आठवणी १९३६ साली छापून आल्या. त्यात तो सांगतो, की माणसं इथे महिनोन्‌महिने अडकून पडत, त्या कंटाळ्यात विचित्र वागू लागत, आणि 'डूलाली टॅप' हा सोल्जरांचा शब्द बहुधा त्यातूनच निघाला.

हा 'टॅप' म्हणजे आपला ताप. अंगातला आणि डोक्याचाही! मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आपण चेष्टेत म्हणतो, 'याला येरवड्याला पाठवा', कारण तिथे मनोरुग्णालय आहे. तसंच काहीतरी देवळालीतही असणार, अशी अनेक इंग्रजांची समजूत असते. छावणीत लष्करी इस्पितळ होतंच. पण माझं विचाराल तर, रिचर्ड्सचा कंटाळा अधिक पटतो. आजाऱ्याला निदान डॉक्टर तरी भेटतो, वाट बघणाऱ्याला कोणीच नाही.

पुढे सोल्जरांबरोबर शब्दही विलायतेला गेला. 'टॅप' गळून पडला, धारही बोथट झाली. आता चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारे आजोबा डूलाली, आणि सेलमध्ये भान हरपून खरेदी करणारी बाईही डूलाली. खऱ्या मनोविकाराबद्दल बोलताना हा शब्द शोभत नाही, तो थट्टेतलाच. बीबीसीवर १९७४ साली सुरू झालेल्या एका विनोदी मालिकेतली फौज तर सुरुवातीला देवळालीच्याच छावणीत मुक्कामाला होती.

पुढे इथे तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आलं. आजही देवळाली कॅम्पात जवान तोफा चालवायला शिकतात. आणि पुण्यात २००९ साली ताजी बिअर गाळणारी एक जागा निघाली, तिचं नाव ठेवलं 'डूलाली'. साहेबाच्याच स्पेलिंगात!