कानस, सोल्डरची तार आणि अठ्ठावन्न सीसी

मिस्त्रींच्या टेबलावर उताणे पडलेले हे सिलिंडर सकाळपर्यंत नारिंगी रंगाच्या एका स्वस्त चेनसॉमध्ये, म्हणजे लाकूड कापायच्या साखळी-करवतीमध्ये, होते. टॉर्चच्या उजेडात आत डोकावले, की जळलेला धूर बाहेर पडतो त्या एक्झॉस्ट पोर्टच्या कडेला ओतकामात राहिलेला धातूचा पापुद्रा दिसतो. नखाने चाचपला तर तो नखाला अडकतो. हे इंजिन पूर्ण वेगात असताना मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सेकंदाचा जेमतेम एकशे ऐंशीवा भाग मिळतो, आणि त्यातला अर्ध्याहूनही कमी वेळ हे पोर्ट उघडे असते. एवढ्याशा वेळात धूर बाहेर जायचा आणि पेट्रोल आणि हवेचे ताजे मिश्रण आत यायचे, तेव्हा त्या वाटेत आलेला प्रत्येक खडबडीतपणा मशीनची ताकद खातो.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन आणि दिवेआगरच्या वाड्यांमध्ये सुपारी, नारळ आणि आंब्याची झाडे आडवी झाली. ती दूर करायला कोयती आणि कुऱ्हाड पुरेना, म्हणून ज्याला जसे परवडेल तसे त्याने चेनसॉ विकत घेतले. चीनमध्ये तयार होऊन वेगवेगळ्या नावांनी विकली जाणारी ही ‘अठ्ठावन्न सीसी’ मशीन अशा घरांमध्ये सहज सापडते. मात्र मिस्त्री बारीक मापे घेणारा व्हर्नियर लावतात, तेव्हा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 45.2 मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, 34 मिलिमीटर भरते, आणि कागदावर गुणाकार केला की उत्तर साडेचोपन्न सीसीच्या आसपास येते. स्टिकरवर छापलेले उरलेले साडेतीन सीसी इंजिनात कुठेही नाहीत. जे आहेत त्यांच्याकडून तरी पुरते काम करून घेणे, एवढेच मिस्त्रींच्या हाती उरते.

मिस्त्रींचा हात बसला तो मोटारसायकलींवर. 1984 साली इंड-सुझुकीची एएक्स 100 आणि 1985 साली यामाहाची आरएक्स 100 आपल्याकडे आली, आणि टू-स्ट्रोक इंजिनाची पोर्टे घासून गाडीचा पिकअप वाढवण्याची विद्या गावोगावच्या गॅरेजांत पोहोचली. या विद्येचे मूळ पूर्व जर्मनीत आहे. तिथल्या एमझेड या मोटारसायकल कारखान्यातील वॉल्टर काडेन या अभियंत्याने सायलेन्सरमधून परत येणाऱ्या दाबाच्या लाटांचा अभ्यास करून 1961 पर्यंत 125 सीसीच्या इंजिनातून 25 अश्वशक्ती काढून दाखवली होती. त्याच वर्षी त्याचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे निघून गेला, ते ज्ञान त्याच्याबरोबर सुझुकीकडे गेले, आणि 1962 साली सुझुकीने 50 सीसी गटाचे जगज्जेतेपद मिळवले. आज रस्त्यावर टू-स्ट्रोक गाडी क्वचित दिसते. पण गवत कापण्याच्या मशीनमध्ये, फवारणीच्या पंपात आणि या चेनसॉमध्ये तेच इंजिन धडधडते आहे, आणि ते समजणारी माणसे अजून आपल्यात आहेत, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

सिलिंडर सुटे करण्याआधी कामाची सुरुवात सायलेन्सरपासून होते, कारण सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त फरक इथे पडतो. डबा उघडला की आतल्या पत्र्याने धुराची वाट किती आवळली आहे ते दिसते. मिस्त्री बाहेर पडण्याचे भोक मोठे करतात आणि ठिणग्या अडवणारी जाळी मात्र जागेवर ठेवतात. तोपर्यंत त्यांचा मदतनीस मुलगा सोल्डरच्या तारेचा तुकडा प्लगच्या भोकातून आत, सिलिंडरच्या भिंतीपर्यंत सरकवतो आणि दोरी ओढून पिस्टन एकदा वर आणतो. बाहेर आलेल्या तारेचे टोक चपटे झालेले आहे. व्हर्नियरमध्ये त्याची जाडी 1.1 मिलिमीटर भरते. म्हणजे पिस्टन अगदी वर आला तरी त्याच्या आणि सिलिंडरच्या माथ्याच्या मध्ये एवढी फट राहते, आणि त्या फटीतले मिश्रण धड जळत नाही. सिलिंडरखालचे अर्ध्या मिलिमीटरचे पॅकिंग काढून त्या जागी सीलंटचा पातळ थर दिला, की फट 0.6 वर येते आणि दाब वाढतो.

पण सिलिंडर अर्धा मिलिमीटर खाली बसले की त्याच्याबरोबर पोर्टेही खाली येतात, आणि एक्झॉस्ट फेऱ्याच्या सुमारे दोन अंश उशिरा उघडते. ते अंश परत मिळवण्यासाठी पोर्टची वरची कड घासावी लागते. खरे कसब इथे आहे. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कठीण मुलामा असतो आणि कडेला तो पटकन सोलवटतो, म्हणून ग्राइंडरचा बारीक दगड नेहमी बोअरच्या बाजूने बाहेरच्या दिशेने चालवायचा असतो. मुलाच्या हातात ग्राइंडर देताना मिस्त्री त्याच्या मनगटाला धरून ठेवतात. “बाळा, घाई नको. नखभर जास्त गेलं तर परत लावता येत नाही,” असे ते त्याला सांगतात. शेवटी कडेला बारीकशी उतरण दिली जाते. ती राहून गेली, तर पिस्टनवरची रिंग पोर्टच्या कडेत अडकून मोडू शकते. पॉलिश पेपर फिरवून झाल्यावर मघाचा तो पापुद्रा शोधूनही सापडत नाही.

मशीन जोडल्यावर पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर नव्याने जुळवावा लागतो, कारण धुराची वाट मोकळी झाली की इंजिन जास्त हवा ओढते आणि मिश्रण पातळ पडते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते. पातळ मिश्रणावर मशीन काही क्षण जोरात पळते आणि मग पिस्टन सीझ होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो. मिस्त्री एका लिटर पेट्रोलला 40 मिलिलिटर टू-टी ऑइल घालतात, पूर्ण वेगातले पेट्रोल ठरवणारा ‘एच’ लिहिलेला स्क्रू थोडा सैल करतात आणि पूर्ण थ्रॉटलला कान देतात. लाकडावर नसताना आवाज किंचित बुरबुरला पाहिजे आणि पाते लाकडात शिरताच तो स्वच्छ झाला पाहिजे. फेरे मोजणारा टॅकोमीटर शेजारीच ठेवला आहे, पण त्यांची नजर त्याच्याकडे नंतर जाते.

ताकदीबरोबर आवाज, उष्णता आणि पाते उलटून अंगावर येण्याचा धोका हेही वाढतात, म्हणून चेन ब्रेक तपासणे आणि कानांना संरक्षण घेणे आवश्यक आहे. आंब्यासारखे कायद्याच्या यादीतले उभे झाड तोडायचे असेल, तर महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाप्रमाणे परवानगीही लागते.

वाडीच्या कुंपणाशी आंब्याचे जुने आडवे खोड आहे. काल याच खोडावर याच मशीनची चेन थांबत होती, आणि वाडीवाल्या काकांना दर थोड्या वेळाने पाते वर उचलावे लागत होते. आज पाते पूर्ण बुडालेले आहे, काकांनी त्यावर भार दिला आहे आणि भुश्याऐवजी जाड ढलप्या उडत आहेत. तुकडा खाली पडताच मिस्त्री मशीन बंद करायला सांगतात आणि गरम प्लग फडक्यात धरून बाहेर काढतात. त्याच्या टोकाचा रंग तपकिरी आला आहे, म्हणजे मिश्रण बरोबर जुळले आहे. तो काकांना दाखवून ते प्लग परत बसवतात आणि कार्बोरेटरच्या स्क्रूला पुन्हा हात लावत नाहीत.