मुलांचं पुस्तक नेमकं कुठल्या कप्प्यात असतं?

नमस्कार मंडळी! 'मुलगी दहा वर्षांची आहे, तिला कुठलं पुस्तक देऊ?' असं तुम्ही बरेच जण विचारता. आज त्याबद्दलच बोलू. पण वयाचा आकडा थोडा वेळ बाजूला ठेवा. पुस्तक उघडा, मधलंच एखादं पान काढा आणि मोठ्यानं वाचा. बोलतंय कोण, ते ऐका.

हे बघा, प्रकाश नारायण संतांचं 'वनवास'. १९९४ साली आलं. हे बहुतेक वेळा मोठ्यांच्या कथासंग्रहांतच सापडतं. पण सांगणारा आहे लंपन, आईवडिलांपासून लांब, सीमाभागातल्या गावात आजी-आजोबांकडे राहणारा शाळकरी मुलगा. कुठलीही गोष्ट कितीदा झाली, हे तो भलताच काटेकोर आकडा देऊन सांगतो. जरा काही बिनसलं की सगळं 'म्याड'! मुलं त्या आकड्यांना खुदुखुदु हसतात, आणि तेच पान वाचताना आपला घसा दाटतो, कारण त्या बडबडीखाली आईची आठवण आहे. माझ्या मते मराठीत मुलाच्या नजरेनं इतकं खरं फार थोड्यांनी लिहिलंय.

मात्र हे पुस्तक संथ आहे. दर पानाला काहीतरी घडायला हवं असणारं मूल कंटाळेल. त्याला द्या भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे! फुरसुंगीचा बनेश, पुण्यात शिकायला आलेला. सायकल, पाठलाग आणि तोंडातून निघणारं ते 'ट्टॉक'. वाचनाची गोडी नसलेल्या मुलालाही हे ओढून नेतं. 'चिनी जाळ्यात फास्टर फेणे' घेतलंत तर आधी १९६२ च्या युद्धाबद्दल पाच मिनिटं बोला, म्हणजे गोष्ट नीट उलगडेल.

अगदी लहानांसाठी माधुरी पुरंदरे. 'राधाचं घर'मध्ये घरातल्या एकेका माणसावर छोटं पुस्तक आहे. शब्दही त्यांचे, चित्रंही त्यांचीच. त्यामुळे मजकुरात नसलेलं बरंच काही चित्रात सापडतं. घाईनं पानं उलटू नका, मुलाला चित्रावर रेंगाळू द्या.

आता परीक्षणाबद्दल. 'सुंदर पुस्तक, जरूर वाचा' एवढ्यानं कुणाचंच भागत नाही. अख्खी गोष्ट सांगून टाकली, तर वाचणाऱ्याची मजा गेली. मला तीन ओळी हव्या असतात: गोष्ट कोण सांगतंय, मूल कुठे अडलं आणि हे पुस्तक कुणाला आवडणार नाही. शेवटचं लिहायला लोक कचरतात, पण पैसे घालून पुस्तक घेणाऱ्याला त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो.

नवं शोधायचं असेल तर बालभारतीचं 'किशोर' मासिक आहेच. १९७१ पासूनचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. आणि पाचगणीजवळचं भिलार! तिथे २०१७ पासून गावकऱ्यांच्या घरांतच पुस्तकं मांडली आहेत, घरागणिक विषय वेगळा. बालसाहित्याच्या घरात मुलांना सोडा, तुम्ही शेजारी कादंबऱ्या चाळा, मग अदलाबदल करा.

पुढच्या भागात विज्ञानकथा, सुरुवात जयंत नारळीकरांपासून. तोवर तुमच्या घरातल्या एखाद्या पुस्तकाबद्दल त्या तीन ओळी खाली लिहा. मी सगळ्या वाचते.