जगाचा इतिहास लिहिणाऱ्याला विचारावयाचे प्रश्न

सन्माननीय अध्यक्ष, वाचनालयाचे पदाधिकारी आणि श्रोतेहो,

आजचा विषय मी स्वतः मागून घेतला आहे. जगाच्या इतिहासाचे पुस्तक लिहिणारा लेखक उद्या आपल्या खानापूर तालुक्यातील एखाद्या मराठी हायस्कुलात येऊन बसला, तर नववी-दहावीच्या मुलांनी त्याला काय विचारावे, हा तो विषय. माझ्या मते मुलांना दोन प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. त्या वेळी आमच्याकडे काय चालले होते, हा पहिला. आणि हे सारे तुम्हांला कशावरून कळले, हा दुसरा. पहिला मुले आपण होऊन विचारतात, दुसरा त्यांच्याकडून विचारून घ्यावा लागतो. दुसऱ्याविषयी बोलण्याचे मी कबूल केले आहे. परंतु पहिल्याची हकिगत सांगितल्याशिवाय मला तिकडे वळता येणार नाही.

मी शिकवीत असताना दहावीच्या वर्गात पहिले महायुद्ध चालू होते. पुस्तकात भारतीय सैनिकांच्या वाट्याला एकच वाक्य आले होते. ते वाचून झाल्यावर एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘सर, ते तिकडे जेवत काय होते?’ वर्ग हसला. मुलगी मात्र हसली नाही, कारण तिच्या घरातील पुरुष तीन पिढ्या पलटणीत होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र 1922 पासून बेळगावात आहे आणि त्याही आधीपासून आपल्या भागातील घरे सैन्यात माणसे पाठवीत आली आहेत. त्यामुळे तिच्या दृष्टीने तो प्रश्न स्वयंपाकघरातून थेट युद्धापर्यंत जाणारा होता.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की आपण इराकमध्ये, तैग्रिस नदीच्या वळणावरील कुट अल-अमारा या गावी जाऊन पोहोचतो. डिसेंबर 1915 मध्ये तुर्की फौजेने तेथे ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या सैन्याला वेढा घातला. वेढ्यात अडकलेल्यांत 103 आणि 110 या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आले तसे घोडे आणि खेचरे मारून त्यांचे मांस वाटण्यात येऊ लागले. हिंदी शिपायांपैकी पुष्कळांनी ते धर्माच्या आणि जातीच्या कारणाने बराच काळ नाकारले, आणि दिवसेंदिवस कमी होत जाणाऱ्या पिठावर ते राहिले. हिंदुस्थानातील धर्मगुरूंकडून मांस खाण्यास संमती मिळवून ती बिनतारी यंत्राने कळविण्यात आली, तरी अनेकांची मने वळेपर्यंत एप्रिल उजाडला होता, आणि तोवर उपासमारीने व स्कर्व्हीने शिपाई खंगले होते. विमानांतून धान्याची पोती टाकण्याचाही प्रयत्न झाला. लष्करी इतिहासात असा प्रयत्न त्यापूर्वी झाला नव्हता. शेवटी 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13,000 माणसे शरण गेली. त्यांपैकी पुष्कळांचा पुढे वाळवंटातून चालत नेताना आणि कैदेत अंत झाला.

आता त्याच आठवड्यात आपल्या बेळगावात काय चालले होते, ते पाहा. मुंबई प्रांतिक परिषदेच्या निमित्ताने लोकमान्य टिळक येथे आले होते आणि एप्रिलच्या त्या अखेरच्या दिवसांत त्यांनी येथे होमरूल लीगची स्थापना केली. एकीकडे साम्राज्यासाठी मराठा शिपाई उपाशी राहून शरण जात होता, आणि ज्या गावच्या रस्त्यांवरून पुढे त्याच्या पलटणीचे वारस कवायत करणार होते, त्याच गावात साम्राज्याकडे स्वराज्य मागण्याची संघटना उभी राहत होती. पुस्तकात पहिली घटना ‘महायुद्ध’ या प्रकरणात येते, दुसरी ‘राष्ट्रीय चळवळ’ या प्रकरणात, आणि मधे शंभर पाने पडतात. लेखकाने ही पाने का पाडली, हे मुलांनी त्याला अवश्य विचारले पाहिजे.

त्या मुलीने या दोन घटना शेजारी मांडून एक तक्ता तयार केला आणि तो शाळांच्या एका प्रदर्शनात ठेवला. परीक्षकांनी तो ‘अभ्यासक्रमाबाहेरचा’ म्हणून बाजूला काढला. त्यांच्या शेऱ्याचा कागद मी अजून ठेवला आहे, कारण ज्या विषयाच्या परीक्षकाला शेजारी मांडलेल्या दोन तारखा अभ्यासक्रमाबाहेरच्या वाटतात, त्या विषयाचे शिकवणेच धोक्यात आले आहे, असे मी गंभीरपणे मानतो. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वेळी, म्हणजे 1861 ते 1865 या काळात, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि धारवाड-बेळगावकडील काळ्या रानातल्या कापसाला एकदम भाव चढला. युद्ध संपताच तो कोसळला. निपाणीची ओळख असलेला तंबाखू आणि संकेश्वरची मिरची ही दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडातील. म्हणजे कोलंबसाचे प्रकरण आपल्या शेतातूनही शिकवता येते. याही गोष्टी अभ्यासक्रमाबाहेरच्या आहेत काय?

अध्यक्षांनी घड्याळाकडे लक्ष वेधले आहे, तेव्हा कबूल केलेल्या मुद्द्याकडे येतो. तो मला आता थोडक्यात सांगावा लागेल.

‘कशावरून?’ असे विचारले की लेखकाला आपला पुरावा उघड करावा लागतो, आणि पुरावा कोणी जपला हेही सांगावे लागते. फ्रान्सच्या आघाडीवरून हिंदी शिपायांनी घरी पाठविलेल्या पत्रांतील उतारे आज वाचता येतात, ते सेन्सॉरच्या अधिकाऱ्यांनी संशयापोटी भाषांतर करून ठेवले म्हणून. शिपाई काय लिहीत होता हे आपल्याला त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्याच्या कागदांतून कळते. त्याने पत्रात काय लिहायचे टाळले, ते मात्र त्या कागदांत सापडणार नाही.

नकाशाचेही तसेच आहे, आणि सीमाभागातील मुलांनी नकाशाविषयी अधिक काटेकोर असले पाहिजे. आपल्या हलशीला कदंब राजांचे ताम्रपट सापडले. जुन्या लेखांचे इंग्रज अभ्यासक जॉन फ्लीट यांनी ते संपादून प्रसिद्ध केले. संस्कृतातील त्या दानपत्रांतून कोणी कोणाला कोणती जमीन दिली, हे कळते. राज्याची हद्द कोणत्या ओढ्याला थांबत होती, हे त्यांतून कळत नाही. तरीही पुस्तकातील नकाशात पाचव्या शतकातील राज्याभोवती 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्य पुनर्रचनेसारखी ठसठशीत रेघ ओढलेली असते, आणि मग ती पाहणारे, मराठी असोत की कन्नड, त्या रेघेवरून आजचे दावे मांडू लागतात. हलशीचे ताम्रपट दोघांनीही वाचावेत. त्यांत जमिनीचे दान आहे, आजच्या भांडणाचा निकाल नाही.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे की, जगाच्या इतिहासातील प्रत्येक नकाशाखाली लेखकाने छापावे की ही रेघ कोणत्या लेखावरून, नाण्यावरून किंवा प्रवासवर्णनावरून काढली आणि कोठे ती अंदाजाने काढली. अंदाजाची रेघ तुटक असावी. या वाचनालयाने एक वही ठेवून मुलांचे असे प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावेत आणि पाठ्यपुस्तक मंडळाकडे दरवर्षी जूनपूर्वी पाठवावेत. पहिल्या वर्षीच्या टपालाचा आणि छपाईचा खर्च मी देईन.