वास झाकायचा की काढायचा?

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या भाषेत वासांना शब्द भरपूर आहेत. आंबूस, कुबट, उग्र, खवट, ओशट, धुरकट. मी हाऊसकीपिंगमध्ये पंचवीस वर्षं काढली. आधी हॉटेल, मग वसतिगृह, शेवटी एक मोठं सभागृह. तिथं हे शब्द मला फार कामाला आले. पडद्याला किंवा गादीला नेमका कोणता वास येतोय हे ज्याला सांगता येतं, त्याचं निम्मं काम तिथंच होतं. उरलेलं निम्मं म्हणजे बाटली निवडणं. कापडाचा वास जाईल, पण माणसाला आणि पाण्याला त्रास होणार नाही अशी बाटली. आज तिच्याबद्दल बोलायचंय.

आधी माझी फजिती सांगतो. एक विक्रेता आला, पडद्यावर दोनदा फवारलं आणि अख्खा मजला लॅव्हेंडरनं घमघमला. साहेब खूश, मीही खूश. खोकीच्या खोकी मागवली. दुसऱ्या दिवशी दुपारी बंद खोलीचं दार उघडलं तर लॅव्हेंडरच्या खाली कालच्या सिगारेटचा वास जसाच्या तसा. उलट दोन्ही मिसळून एक तिसराच भपका तयार झालेला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण वासाची मूठ फार वेळ झाकून राहत नाही. सुगंध उडून जातो. निकोटिन आणि धुरातली डांबरट चिकटाई मात्र धाग्याला धरून बसते आणि कापड तापलं की पुन्हा हवेत येते.

म्हणून विक्रेत्याला माझा पहिला प्रश्न असतो: हे वास झाकतं की काढतं? काढत असेल तर कसं?

आंबूस वास घ्या. ताज्या घामाला जवळजवळ वासच नसतो. बॅक्टेरिया त्यातल्या घटकांवर जगतात आणि त्यातून वास मारणारी आम्लं तयार होतात. पॉलिएस्टर असे तेलकट घटक सुती कापडापेक्षा घट्ट धरून ठेवतं, म्हणून चकचकीत नवी खुर्ची जुन्या सुती खुर्चीच्या आधी वास मारायला लागते. आम्लाच्या वासावर साधा खाण्याचा सोडा बरा चालतो. गालिच्यावर रात्री भुरभुरायचा, सकाळी व्हॅक्यूमनं ओढून घ्यायचा. फक्त गालिचा कोरडा हवा, नाहीतर सोड्याचे पांढरे डाग काढत बसावं लागतं.

नाकाला झोंबणारा वास लघवीचा. त्यातल्या युरियाचा बॅक्टेरिया अमोनिया करतात. इथं एन्झाइमचं किंवा जिवंत जिवाणूंचं द्रावण उपयोगी पडतं, पण त्याला ओल लागते आणि काही तास लागतात. आमच्याकडची पोरं घाईत त्याच डागावर आधी जंतुनाशक मारायची आणि मग म्हणायची, हे औषध बोगस आहे. अरे, कामाला आणलेले जीव तुम्हीच मारलेत! दुसरी गोष्ट, प्रथिनं तोडणारं एन्झाइम लोकरीवर किंवा रेशमावर घालू नका. ती कापडंच प्रथिनांची.

धुरकट आणि ओशट वासांसाठी सायक्लोडेक्स्ट्रिन नावाचा पदार्थ वापरतात. तो स्टार्चपासून बनतो. विलिएर्स नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं 1891 मध्ये पहिल्यांदा त्याची नोंद केली. त्याचा रेणू म्हणजे साखरेच्या कड्यांची बिनबुडाची वाटी. बाहेरून पाण्याशी जमतं, आतून तेलकट रेणूंशी. वासाचा रेणू वाटीत शिरतो आणि कोंडला जातो. पुढच्या धुण्यात बराचसा निघून जातो. एरंडेलापासून केलेलं झिंक रिसिनोलिएटही असंच. गंधक आणि नायट्रोजनवाले वास ते पकडून ठेवतं. ही दोन नावं घटकांच्या यादीत दिसली की मी बाटली हातात धरून ठेवतो.

कुबट वासावर मात्र कुठलीच बाटली आणू नका. कुबट म्हणजे बुरशी, आणि बुरशी म्हणजे कुठून तरी पाणी येतंय. एका कोपऱ्यातल्या सोफ्यावर आम्ही तीन महिने फवारलं. शेवटी सोफा सरकवला, तर मागची भिंत एसीच्या नळीनं ओली.

आता ‘पर्यावरणस्नेही’ या शब्दाकडे येऊ. बाटलीवर हिरवं पान छापायला कोणाची परवानगी लागत नाही. ‘नैसर्गिक’ लिहायलाही फार अडत नाही. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन पूर्ण नैसर्गिक आहे, पण हवेत ओझोन असला तर त्याच्याशी त्याची क्रिया होऊन फॉर्मल्डिहाइड तयार होतं. वास मारायला खोलीत ओझोनचं यंत्र लावायचं, मग पाहुणा यायच्या आधी संत्र्याचा स्प्रे मारायचा, हा उद्योग मी स्वतः पाहिलाय. ओझोन तर एकटाही फुप्फुसाला वाईट. आणि लॅव्हेंडरमधलं लिनॅलूल हवा लागून जुनं झालं की काहींच्या त्वचेला त्याची ॲलर्जी येते.

मग विश्वास कशावर ठेवायचा? तिसऱ्यानं तपासून दिलेल्या चिन्हावर. युरोपचं ईयू इकोलेबल 1992 पासूनचं, अमेरिकेतलं ग्रीन सील 1989 चं. अशा चिन्हांमागं उत्पादकाबाहेरची तपासणी असते. चिन्ह नसेल तर सुरक्षितता माहितीपत्रक मागा, ज्याला सगळे एसडीएस म्हणतात. त्यात सोळा भाग असतात. मी तिसरा आणि बारावा आधी उघडतो: तिसऱ्यात घटक, बाराव्यात पर्यावरणावरचा परिणाम. बाराव्यात नुसतं ‘जैवविघटनशील’ लिहिलं असेल तर त्याला अर्थ नाही. पुरेशी वर्षं दिली तर पुष्कळ गोष्टी कुजतात. ‘सहज जैवविघटनशील’ म्हणवून घ्यायला ठरलेली चाचणी 28 दिवसांची आहे. तिच्यात किती टक्के विघटन झालं तो आकडा विचारा. जो पुरवठादार माहितीपत्रक द्यायला आठवडा लावतो, त्याला मी पुढचा चहा विचारत नाही.

एक बारकावा राहिला. ‘गंधहीन’ लिहिलेल्या बाटलीतही कधी कधी मूळ वास दाबायला सुगंध घातलेला असतो. आपल्याला हवं ते ‘सुगंधी द्रव्य घातलेलं नाही’ हे वाक्य.

आणि हे सगळं मी का तपासायला लागलो, तेही सांगतो. पाहुणा त्या खोलीत एक रात्र राहतो. फवारणारी बाई एका पाळीत वीस-पंचवीस खोल्या करते आणि प्रत्येक खोलीत तो फवारा आधी तिच्या नाकात जातो. आमच्याकडच्या एका ताईंना सुटीच्या दिवशी खोकला नसायचा, कामाला आल्या की दुपारपर्यंत सुरू. मला हे लक्षात यायला वर्ष लागलं. जंतुनाशकांमधली क्वाट, म्हणजे क्वाटर्नरी अमोनियम प्रकारची रसायनं आणि सफाई कामगारांचा दमा यांचा संबंध अभ्यासांमध्ये दिसून आलाय. वास घालवायच्या बाटलीत जंतुनाशक कशाला हवं, हे मला आजही कळत नाही.

दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरच्या, म्हणजे खोलीची हवा दमट ठेवणाऱ्या यंत्राच्या, पाण्यात घालायचं जंतुनाशक वर्षानुवर्षं विकलं गेलं. त्यातलं पीएचएमजी हे रसायन पुसायला वापरलं जायचं तेव्हा ते कातडीला फारसं घातक मानलं जात नव्हतं. बारीक धुकं होऊन श्वासात गेलं आणि माणसं दगावली. 2011 मध्ये कारण उघड झालं. म्हणून कातडीला चालतं ते फुप्फुसालाही चालेल असं धरू नका. बारीक धुकं करणाऱ्या कॅनपेक्षा मोठे थेंब पाडणारा हातपंप बरा. कॅनमध्ये द्रव बाहेर ढकलायला ब्यूटेन-प्रोपेनसारखा ज्वलनशील वायू असतो, तोही टळतो. खिडकी उघडायची, कापडाजवळ धरून मारायचं, हवेत नाही.

घट्ट द्रावण आणून जागेवर पाणी मिसळणं चांगलं. नुसतं पाणी गाडीतून का वाहायचं? पण मोजायचं झाकण बाटलीला साखळीनं बांधा. अंदाजानं ओतलं की जास्तच पडतं, कापड चिकट होतं आणि दोन आठवड्यांत त्यावर धूळ बसते.

चाचणी अशी करा. एकाच खोलीचे तीन सारखे पडदे घ्या. एकाला नवं द्रावण, दुसऱ्याला सध्याचं, तिसऱ्याला नुसतं पाणी. डाग पडतो का ते आधी मागच्या शिवणीवर बघा. मग चोवीस तास खोली बंद. आणि वास घ्यायला स्वतः जाऊ नका. आपलं नाक काही मिनिटांतच त्या वासाला सरावतं. दिवसभर तिथंच वावरणाऱ्याला तर काहीच कळत नाही. आम्ही खालच्या फाटकावरच्या मामांना बोलवायचो. मोकळ्या हवेत बसलेला माणूस.

शेवटच्या चाचणीत पडद्यांचा क्रम बदलला होता: आधी सध्याचं द्रावण, मग नुसतं पाणी, शेवटी नवं. मामांनी पहिला पडदा हुंगला आणि म्हणाले, “लॅव्हेंडर.” दुसरा हुंगला, “बिडी.” तिसऱ्यापाशी दोनदा नाक नेलं, मान हलवली आणि म्हणाले, “याला कसलाच वास नाही साहेब, कापडाचाच येतोय.”

तीच बाटली मागवली. नमस्कार.