सैतानाला हिरो करायचं तर आधी त्याचे हात बांधा

आजचा विषय ऐकायला गमतीशीर वाटतो, पण लिहायला बसलं की घाम फुटेल असा आहे. दर एपिसोडला एक खून, एक हुशार डिटेक्टिव्ह बाई, आणि तिच्या शेजारच्या सीटवर कोण बसलंय तर साक्षात सैतान. आणि तो प्रेक्षकाला आवडला पाहिजे. नुसता इंटरेस्टिंग वाटून भागत नाही, त्याच्यासाठी लोकांनी पुढच्या आठवड्यात परत टीव्ही लावला पाहिजे.

मी 'लुसिफर' या अमेरिकन टीव्ही सिरीजबद्दल बोलतोय हे तुमच्या लक्षात आलंच असेल. जानेवारी २०१६ मध्ये फॉक्सवर सुरू झाली, मे २०१८ मध्ये तीन सीझननंतर फॉक्सने गुंडाळली, फॅन्सनी सोशल मीडियावर इतका दंगा केला की जूनमध्ये नेटफ्लिक्सने ती उचलली, आणि सप्टेंबर २०२१ पर्यंत सहा सीझन, ९३ एपिसोड झाले. सुरू व्हायच्या आधीच २०१५ मध्ये 'वन मिलियन मॉम्स' नावाच्या अमेरिकन ग्रुपने पिटिशन काढलं होतं, सैतानाचं उदात्तीकरण करताय, बंद करा म्हणून. मला त्या पिटिशनचं एका बाबतीत कौतुक वाटतं, त्यांनी निदान प्रश्न सिरीयसली घेतला होता. फक्त सिरीजने प्रत्यक्षात जे केलं ते जरा वेगळंच निघालं. त्यांनी सैतानाला मोठं वगैरे केलंच नाही, उलट एकेक करून त्याचे हात बांधत गेले, आणि जितका बांधला तितका तो लोकांना आवडत गेला. आज मला एवढंच दाखवायचंय.

पहिल्या एपिसोडचा पहिलाच सीन घ्या. लॉस एंजेलिसची रात्र, काळी ओपन कॉर्व्हेट, स्पीडिंगसाठी पोलीस अडवतो. लुसिफर नोटा पुढे करतो. आता इथेच कुठल्याही लेखकाचा हात शिवशिवला असता, की पोलिसाला गायब करा, बाईक पेटवा, डोळे लाल करा, दाखवा काय चीज आहे ते. इथे लुसिफर त्याला फक्त विचारतो की तुला स्वतःला काय करावंसं वाटतं रे, आणि तो पोलीस गुंगीत गेल्यासारखा सांगून टाकतो की मी कधीकधी काही कारण नसताना सायरन लावून सुसाट गाडी हाणतो, हाणता येते म्हणून. झालं, एवढंच. पूर्ण सिरीजचं गणित त्या दोन मिनिटांत आहे. सैतानाची पॉवर काय, तर समोरच्याच्या पोटात जे आहे ते ओठावर आणायची. तो काही पेरत नाही. जे आहे ते आधीपासूनच तुमचं आहे.

आता याचा लेखकाला फायदा किती ते बघा. सगळ्यात मोठा नैतिक लोच्या एका फटक्यात मिटला, कारण गुन्हा कायम माणसाचाच राहतो. आणि लुसिफरचा सगळ्यात मोठा राग तरी कशावर आहे? लोक स्वतः शेण खातात आणि बिल माझ्या नावावर फाडतात, म्हणे सैतानाने करायला लावलं! हा राग आपल्याला पटतो, कारण न केलेल्या गोष्टीचं खापर आपल्या डोक्यावर फुटलेलं कुणाला आवडेल. सैतानाशी सहमत झाल्यावर त्याच्यावर राग धरून बसणं अवघड जातं.

दुसरा हात बांधला तो म्हणजे तो खोटं बोलत नाही. हे मला सगळ्यात धूर्त वाटतं. शतकानुशतकं ज्याची ओळखच असत्याचा बाप अशी करून दिली गेली, त्याला तुम्ही अख्ख्या शोमधलं एकमेव खरं बोलणारं पात्र करून टाकता! बाकीचे पोलीस खोटं बोलतात, डिटेक्टिव्हचा एक्स-नवरा खोटं बोलतो, लुसिफरचा देवदूत भाऊ तर सर्रास बोलतो. हा मात्र भेटेल त्याला सांगत सुटतो की मी सैतान आहे, आणि कुणाचा विश्वास बसत नाही. तीन सीझन हा एकच जोक चालवलाय आणि तो शिळा होत नाही, कारण प्रत्येक जण आपापल्या सोयीने त्याचा अर्थ लावतो. क्लोईला, म्हणजे त्या डिटेक्टिव्ह बाईला, वाटतं भ्रम आहे, त्याच्या थेरपिस्टला वाटतं हा रूपकात बोलतोय.

इथे थोडं मागे जातो. मूळ पात्र कॉमिक्समधलं. नील गेमनच्या 'सँडमॅन'मध्ये लुसिफर नरकाला कंटाळतो, नरकाची किल्ली दुसऱ्याच्या हातात देतो, पंख कापून घेतो आणि निघून जातो. पुढे माइक केरीने त्याच्यावर स्वतंत्र मालिका लिहिली, २००० ते २००६, ७५ अंक. तिथे लॉस एंजेलिसमधला 'लक्स' नावाचा बार आहे, पियानो आहे, सगळं आहे, फक्त खुनाचा तपास कुठेच नाही. आणि तो लुसिफर लाडका नाहीये हो! थंड आहे, हिशेबी आहे, आपण त्याला मानतो पण त्याच्याबरोबर संध्याकाळ घालवायला जाणार नाही. कॉमिकला ते परवडतं. अमेरिकन नेटवर्क टीव्हीला वर्षाला अठरा-वीस एपिसोड द्यायचे असतात, मध्ये जाहिराती असतात, त्यात इतका थंड माणूस टिकत नाही.

म्हणून टॉम कॅपिनोसने शो बसवताना तयार साचा घेतला, डिटेक्टिव्ह आणि तिचा आगाऊ कन्सल्टंट. 'कॅसल'मध्ये तो रहस्यकथा लेखक होता, 'द मेंटलिस्ट'मध्ये एकेकाळचा खोटा सायकिक. म्हणजे खुर्ची तयारच होती. पुरावा न विचारता हाताळणारा, साक्षीदाराशी फ्लर्ट करणारा, केस सोडून स्वतःबद्दलच बोलणारा माणूस या जॉनरच्या प्रेक्षकाला सवयीचा होता, त्या खुर्चीत सैतान बसला तर कुणी दचकलं नाही. बरेच समीक्षक म्हणाले की एवढी जबरदस्त कल्पना आणि तिला नेहमीच्याच पोलीस मालिकेला जुंपलं, वाया घालवली. मला नाही पटत. नेहमीचेपणाच इथे कामाला आलाय. दर एपिसोडला एक प्रेत आणि एक खरा खुनी समोर असला की शेजारी उभा असलेला सैतान आपोआप सभ्य दिसतो, आणि त्याचं मूळ काम शिक्षा देणं हेच असल्यामुळे तो पोलिसांच्या बाजूला आहे हेही ओढूनताणून आणल्यासारखं वाटत नाही.

मात्र या साच्यात दोन भोकं होती. एक म्हणजे संशयिताच्या डोळ्यात बघून मनातलं बाहेर काढता येत असेल तर तपास कशाला हवा, पाच मिनिटांत केस खलास. त्यावरचा तोडगा मला फार आवडतो. लुसिफर 'तू काय केलंस' हे विचारतच नाही, 'तुला काय हवंय' हे विचारतो. आणि हवं असणं म्हणजे केलं असणं नव्हे. एखादा तोंड उघडतो आणि भलतीच, लाजिरवाणी इच्छा सांगून मोकळा होतो, खुनाशी तिचा काडीचा संबंध नसतो. मग क्लोईला कॉल रेकॉर्ड्स, फॉरेन्सिक्स, दारोदार चौकशी, सगळं करावंच लागतं. पॉवर आहे, पण ती अर्धी आहे.

दुसरं भोक त्याहून मोठं. ज्याला गोळी लागत नाही त्याची काळजी कोण करणार? पहिल्या सीझनच्या चौथ्या एपिसोडमध्ये तो क्लोईला डिवचतो, मी अमर आहे, विश्वास नाही ना, घाल गोळी. ती बिचारी खरंच घालते, पायावर. आणि हा कळवळतो! रक्त येतं! लुसिफर करणाऱ्या टॉम एलिसचा तो चेहरा थांबवून बघा, दुखण्यापेक्षा आश्चर्य जास्त आहे, जणू कुणीतरी जगाचा नियम न सांगता बदलला. पुढे कळतं की ती जवळ असली की हा माणसासारखा जखमी होऊ शकतो, आणि तिच्यावर त्याची ती इच्छावाली जादूही चालत नाही. म्हणजे ज्या बाईच्या आसपास राहावंसं वाटतं तीच एकटी धोक्याची. लव्हस्टोरी आणि थ्रिलर एकाच खिळ्याला टांगलेत. पटकथेत अशी जागा सापडली की लेखक लोकांनी पार्टी करावी.

आता थेरपी. डॉक्टर लिंडा मार्टिन. खरं सांगू का, मला विचाराल तर शोचं हृदय पोलीस स्टेशनात नाहीच, ते त्या सोफ्यावर आहे. जवळजवळ दर एपिसोडला लुसिफर तिथे येतो, बापाबद्दल कुरकुरतो, लिंडा चांगला सल्ला देते, आणि हा त्यातून नेमका उलटा अर्थ काढून खुशीत निघून जातो. अगदी पालथ्या घड्यावर पाणी! प्रेक्षकाला दिसतंय याला काय होतंय, लिंडाला दिसतंय, फक्त यालाच दिसत नाही. जो सगळ्या जगाच्या मनातलं बाहेर काढतो त्याला स्वतःच्या मनातलं कळत नाही, यावर हसूही येतं आणि जीवही लागतो. बरं, बाप म्हणजे देव, पण तक्रारी मात्र घराघरातल्या: मला समजून घेतलं नाही, मोठा भाऊ लाडका, घराबाहेर काढलं. पहिल्याच एपिसोडमध्ये तो भावाला विचारतो की मी मुळात वाईट आहे म्हणून सैतान झालो, की बापाने ठरवलं म्हणून? सहा सीझन याच प्रश्नावर चाललेत.

पण हे सगळं गोडगोड होऊन बसलं असतं, जर अधूनमधून खरा चेहरा दाखवला नसता. दुसऱ्या सीझनमध्ये त्याच्या हातून सख्खा भाऊ मरतो, त्यानंतर तो लिंडाकडे येतो. ती नेहमीसारखी म्हणते, रूपकं पुरे, खरं काय ते सांग. आणि तो चेहरा दाखवतो, भाजलेला, सोललेला, लाल. लिंडा ओरडत नाही, पळत नाही, नुसती बसून राहते. त्या सीनपर्यंत आपणही तिच्याइतकेच निवांत झालेलो असतो, त्याचे विनोद, त्याचे सूट, त्याचा पियानो यात आपणही विसरलेलो असतो की तो खरंच तोच आहे. तिच्याबरोबर आपलाही घसा कोरडा पडतो. क्लोईला तर तिसऱ्या सीझनच्या अगदी शेवटी दिसतं. आणि चौथ्यात लेखकांनी तिला लगेच प्रेमाने मिठी मारायला लावलेली नाही, याचे त्यांना फुल मार्क. ती रोमला जाते, एका पाद्रीच्या नादी लागते, लुसिफरला गुंगीचं औषध देऊन परत नरकात पाठवायच्या प्लॅनमध्ये सामील होते. आवडणाऱ्या माणसाची भीती वाटू शकते, आणि भीती वाटूनही तो आवडू शकतो, हे एवढ्या नीट शोमध्ये परत कधी आलं नाही.

कुणीतरी म्हणेल सैतान आवडणं यात नवीन काय, मिल्टनपासून चालू आहे. बरोबर. १६६७ चं त्याचं महाकाव्य 'पॅराडाईज लॉस्ट', पहिल्या दोन सर्गांतली सगळ्यात जोरदार भाषणं सैतानाची, त्यावरून विल्यम ब्लेकने मारलेला टोमणा प्रसिद्धच आहे, की मिल्टन स्वतःच्या नकळत सैतानाच्याच पार्टीत होता. पण मिल्टन पुढे काय करतो बघा, त्याला लहान लहान करत नेतो, ईव्हच्या कानाशी बेडूक होऊन बसवतो, शेवटी फूत्कारणारा साप करून टाकतो. टीव्हीला ती चैन नाही. ज्याच्या नावावर शो चालतो त्याला तुम्ही बेडूक करू शकत नाही, त्याला दर सीझनला वरच चढवावं लागतं. म्हणून पाचव्यात प्रश्न येतो तो थेट देवाच्या जागेचा, आणि सहाव्यात तो नरकात परत जातो ते तिथल्या लोकांची थेरपी करायला. त्यामागची कल्पना चांगली आहे, शोचा नरक पहिल्यापासून असाच आहे, दारांना कुलपं नाहीत, माणूस स्वतःच्या अपराधी भावनेने आत अडकून राहतो. तरी मला तो शेवट मचूळ वाटला. सैतान शहाणा होतो हे ठीक, पण गुळगुळीत झाला की गंमत जाते.

आणि लेखकांनाही ते कळलं होतं बहुतेक, कारण पाचव्या सीझनमध्ये त्यांनी मायकल आणला, लुसिफरचा जुळा भाऊ. तोच टॉम एलिस, तोच चेहरा. फरक काय केला? एक खांदा वर उचललेला, उच्चार ब्रिटिशचा अमेरिकन केला, इच्छेच्या ऐवजी तो लोकांची भीती बाहेर काढतो, आणि मुख्य म्हणजे तो बिनदिक्कत खोटं बोलतो. लुसिफर बनून क्लोईच्या घरात फिरतो, तिच्याशी गोड बोलतो, तिला संशय यायला लागतो. बघणाऱ्यांना तो पहिल्या काही मिनिटांतच नकोसा होतो. देखणेपणा तसाच, सूट तसाच, आवाजातला तो माज पण थोडाफार तसाच आहे बरं का, हात तेवढे मोकळे सोडलेत. ज्यांना स्वतः असं पात्र लिहायचंय त्यांनी पाचव्या सीझनचे पहिले दोन एपिसोड पहिल्या सीझनच्या पहिल्या दोनला जोडून बघा, आवाज बंद करून बघितले तरी चालतील, खांद्यावरून कळेल कोण कोण आहे ते.